एकधनुधर आणि माझे दुखरे खवाटे

नाशिकला घरी गेलो की एक सकाळ पांडवलेण्यांसाठी राखून ठेवायची, ही माझी जुनी सवय. शाळेत असताना तिथे जायचो ते पायऱ्या आधी कोण चढतो या शर्यतीसाठी. शिलालेख वगैरे प्रकार फार उशिरा कळले.

तर, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत, मागच्या भिंतीवर, ब्राह्मी लिपीत एक लांबलचक प्राकृत लेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या 19व्या वर्षी त्याच्या आजीने, म्हणजे गौतमी बलश्रीने, हे लेणं भिक्षुसंघाला दान दिलं. लेखाचा मोठा भाग मात्र तिच्या मुलाबद्दल आहे, गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल. विशेषणांची अशी रांग लावली आहे की आपला अप्रेझल फॉर्म लाजेल. त्यातलंच एक विशेषण, 'एकधनुधर'. म्हणजे ज्याच्या तोडीचा दुसरा नाही असा धनुर्धर.

इतकी वर्षं हा शब्द मी 'हो, राजा म्हटल्यावर असं लिहिणारच' म्हणून सोडून देत होतो. मग मध्यंतरी एका मित्राच्या आग्रहाखातर पहिल्यांदा धनुष्य हातात घेतलं आणि मत बदललं.

नवशिक्याचं धनुष्य, पूर्ण ओढल्यावर जेमतेम 9 किलोचा ताण. जिममध्ये याहून जास्त वजन उचलतो की, असं म्हणत दोरी ओढली. पहिले पाचसहा बाण मजेत गेले. दहाव्याला दंड थरथरायला लागला आणि पंधराव्याला बाण कुठे गेला ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी हापिसात मान वळवायची तर खुर्चीसकट वळत होतो :)

शिकवणाऱ्या काकांनी पहिल्या पाच मिनिटांतच चूक सांगितली होती. "हाताने ओढतोयस. पाठीने ओढ."

हे ऐकायला गूढ वाटतं, पण सरळ यांत्रिकी आहे. दंडाचा पुढचा स्नायू, आपला लाडका बायसेप्स, लवकर दमतो. म्हणून जाणता तिरंदाज दोरी बोटांच्या आकड्यात अडकवतो, आणि ती बोटं धरून ठेवण्याचं काम कोपराखालचे स्नायू करतात. तिथून पुढे तो कोपर मागे नेतो ते खांद्याचा फरा मणक्याकडे सरकवून. हे काम ऱ्हॉम्बॉइड आणि ट्रॅपिझियस या पाठीच्या स्नायूंचं, सोबतीला खांद्याचा मागचा भाग. धनुष्य धरलेला हात तेवढ्याच जोराने पुढे रेटत असतो; तिथे दंडाचा मागचा स्नायू, खांदा, आणि फरा बरगड्यांना धरून ठेवणारा सेरेटस राबतात. आणि या सगळ्यांनी तीनचार सेकंद स्तब्ध राहायचं! खरा घाम ओढताना येत नाही, थांबताना येतो.

(गंमत म्हणजे दिवसभर कीबोर्डवर वाकून आपण नेमके हेच पाठीचे स्नायू ताणलेले आणि रिकामे ठेवतो. असो.)

आता थोडी आकडेमोड. ऑलिंपिकमधल्या पुरुष तिरंदाजाचं धनुष्य साधारण 20 ते 23 किलोचं असतं. मानांकन फेरीत 70 मीटरवरून 72 बाण. 21 किलो धरले तरी ओढण्याची बेरीज झाली दीड टन. आणि दहा गुणांचं वर्तुळ फक्त 12.2 सेंटीमीटरचं.

जुन्या काळची युद्धाची धनुष्यं याहून कितीतरी कडक. इंग्लंडचं 'मेरी रोज' हे जहाज 1545 मध्ये बुडालं आणि 1982 मध्ये वर काढलं. त्यातल्या लाकडी धनुष्यांचा ताण अभ्यासकांनी साधारण 45 ते 80 किलो काढलाय. तिथल्या काही सांगाड्यांत खांद्याच्या फऱ्याचं टोक मूळ हाडाशी जुळलेलंच नाही. हे हाड विशीच्या आसपास जुळतं. त्याआधीपासून जबर ताण पडला तर ते सुटं राहू शकतं. त्यामुळे ही माणसं पोरवयापासून धनुष्य ओढत असावीत असा तर्क आहे.

आपल्याकडचं वर्णन हवं तर ग्रीक लेखक एरियनकडे जावं लागतं. अलेक्झांडरच्या नौदलप्रमुखाच्या, निआर्कसच्या, हवाल्याने तो सांगतो की भारतीय पायदळाचं धनुष्य माणसाच्या उंचीइतकं असे. त्याचं टोक जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून बाण सोडत. म्हणजे पाठ पुरेना म्हणून पायही कामाला लावला होता!

हे सगळं डोक्यात घेऊन परत बलश्रीचा लेख वाचला. ती मुलाच्या बाहूंचंही वर्णन करते. नागराजाच्या वेटोळ्यांसारखे भरदार, गोल, लांब, सुंदर. (पाठीचा उल्लेख नाही. खरं राबणाऱ्याला श्रेय न मिळण्याची परंपरा जुनी दिसते.) शब्द दरबारातल्या कुणा लेखकाचे असतील, मान्य. पण एकधनुधर एका रात्रीत होत नाही. रोजचा सराव, सोललेली बोटं, आखडलेले खांदे, हे घरात पहिल्यांदा कुणाला दिसतं? आईलाच.

आणखी एक गोष्ट. त्याच ओसरीत गौतमीपुत्राच्या 24व्या वर्षाचा लेख आहे. त्यात हीच राजमाता 'जीवसुता' आहे, म्हणजे जिचा मुलगा जिवंत आहे अशी. पुळुमावीच्या काळच्या लेखात ती महाराजाची माता आणि महाराजाची आजी आहे. 'जीवसुता' हा शब्द नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते तोवर गौतमीपुत्र गेलेला होता. दोन लेखांत काही पावलांचं अंतर. मी ते कितीदा गप्पा मारत ओलांडलंय.

त्या मोठ्या लेखात क्षहरात वंशाचा निःपात केल्याचा अभिमान आहेच. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, क्षहरात नहपानाची. त्यांवर बाण आणि वज्र. त्यातल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. पण आईने बाहूंच्या लगेच पुढे काय लिहवलं? अभय देताना सोडलेल्या पाण्याने त्याचा हात ओला असे. आणि अपराधी शत्रूचाही जीव घेणं त्याला आवडत नसे. हे आणि तो निःपात, दोन्ही एकाच भिंतीवर. यातलं किती खरं ते तीच जाणे. पण ओढलेली दोरी धरून ठेवणं सोडण्यापेक्षा अवघड असतं, एवढं माझे खवाटे शपथेवर सांगतील.

पुढच्या वेळी पांडवलेण्यांवर गेलात तर तिसऱ्या लेण्यात दोन मिनिटं जास्त थांबा. आणि हो, उतरल्यावर खांदे मागे घेऊन सरळ बसा!