विटाळ आणि जंतू

राधानगरीचा इतिहास म्हटला की लोक धरण सांगतात. शाहू महाराजांनी भोगावती अडवली, गाव वसवलं, त्याला लेकीचं नाव दिलं. खरं आहे. मला त्याच राजाचा दुसरा एक हुकूम सांगायचाय, आणि माझ्या आयचे हात.

१९१९ साली महाराजांनी फर्मावलं, संस्थानच्या दवाखान्यात अस्पृश्य रोग्याला इतरांसारखंच वागवायचं. ज्या नोकराला हे पटत नसेल त्यानं सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, पेन्शन मिळणार नाही. विटाळाला पेन्शनचा चाप लावणारा राजा विरळाच.

रोग्यासाठी दार उघडलं. पण आत झाडू कुणाच्या हातात राहिला?

आय एका दवाखान्यात झाडूवाली होती. कुठला, ते सोडा. बादलीत फिनेल किती ओतायचं, हे तिला कुणी शिकवलं नाही. 'वास आला म्हंजी झालं,' एवढंच तिचं शिक्षण. संडासातलं फडकंच वॉर्डात फिरायचं. एकदा कचऱ्यातली सुई बोटात घुसली. तिनं पदर गुंडाळला आन् पुन्हा कामाला लागली. मी विचारलं, सांगितलं का न्हाईस? म्हणाली, 'कुनाला सांगू? मलाच म्हनतील, डोळं फुटलं व्हतं का?'

आता व्हिएन्नाची गोष्ट ऐका. १८४७ साली तिथल्या इस्पितळात बाळंतिणी तापानं पटापट मरत होत्या. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं कारण हुडकलं. प्रेतं फाडून आलेले डॉक्टर तसेच बाळंतिणीला तपासायचे. त्यानं क्लोरीनच्या पाण्यानं त्यांना हात धुवायला लावले. मरणं घटली.

म्हणजे मरण डॉक्टरांच्या हाताला होतं! विटाळ जात बघून चिकटतो. जंतू जात बघत नाही.

म्हणून सफाई हे शास्त्र आहे. आधी साबणाच्या पाण्यानं घाण काढायची, मग औषध. नाहीतर औषधाचा जोर घाणीतच संपतो. स्वच्छ भागाकडून घाण भागाकडं जायचं. हायपोक्लोराइट ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग औषधाला चार भाग पाणी, की झालं १ टक्का. रोज ताजं करायचं. त्यात ॲसिड कधी घालायचं नाही, विषारी वायू सुटतो. एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? आयच्या अख्ख्या नोकरीत तो कुणाला मिळाला नाही. वर्णानं आपल्याकडून ज्ञान कसं तोडलं, ते मला पोथीत शोधावं लागलं नाही. ते आयच्या सोललेल्या बोटांवर आहे.

१९९८ साली जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम झाले, २०१६ साली नवे आले. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेताना, आणि पुढं वर्षातून एकदा तरी, प्रशिक्षण द्यायचं. कावीळ-ब आणि धनुर्वाताची लस टोचायची. हातमोजे, बूट द्यायचे. हे उपकार नव्हेत, कायदा आहे.

कुणी म्हणेल, झाडू सोडा म्हणायचं की झाडू शिकवायचा? मी म्हणतो, लेकरांच्या हातून तो सुटलाच पाहिजे. पण आज जी बाई वॉर्ड पुसतीय, तिला सुईच्या तोंडी देऊन आपण कुठली क्रांती करणार?

तेव्हा आपापल्या गावच्या दवाखान्यात जा. आधी झाडूवाल्या मावशीजवळ बसा, तिचं ऐका. मग साहेबाला विचारा, शेवटचं प्रशिक्षण कधी दिलंत? लस टोचली का? नोंद दाखवा.

बाबासाहेब शिका म्हणाले. ते बादलीजवळ उभ्या असलेल्या आयलाही म्हणाले होते.