लक्ष कोणाचे नव्हते?

लहान मूल अपघाताने गेले की गाव दोन दिवस हळहळते. तिसऱ्या दिवशी प्रश्न सुरू होतो: आईबापांचे लक्ष कुठे होते? आणि त्याच आईबापांनी वकील गाठून भरपाईचा दावा लावला, की हळहळ ओसरते आणि नाके मुरडली जातात. मूल सांभाळता आले नाही, आता त्याच्या जिवाचे पैसे करायला निघाले! हे मत फक्त पारावरचे असते तर सोडून दिले असते. सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात तेच ‘वैयक्तिक जबाबदारी’ या भारदस्त नावाने वावरते. म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडतो. मुलाच्या जिवाची पहिली जबाबदारी आईबापांची, ती सरकारवर किंवा शेजाऱ्यावर ढकलता येत नाही. प्रत्येक अपघातामागे कोणी दोषी असतोच असे नाही. दाव्याने मूल परत येत नाही. भरपाईची चटक लागली की शाळा सहली बंद करतात, बागांतले झोपाळे निघतात, आणि माणसे आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारायला शिकतात. यातले पहिले विधान मला पूर्ण मान्य आहे. वाद आहे तो त्यातून काढलेल्या निष्कर्षाशी.

कोरड्या बोअरचे उदाहरण घेऊ. शेतात बोअरची गाडी येते. तीन-चारशे फूट खाली जाऊनही पाणी लागत नाही. गाडीवाला केसिंग पाइप उपसून नेतो, कारण तो पुढच्या बोअरला चालतो. मागे वीतभर रुंदीचे भोक उरते. त्याच्या तोंडावर गोणपाट टाकतात, वर एखादा दगड ठेवतात. पावसाळ्यात कडेची माती ढासळते, गवत माजते, गोणपाट कुजते. मग एके दिवशी बांधावर आई खुरपत असताना दोन वर्षांचे पोर चार पावले पुढे जाते.

जुलै 2006 मध्ये हरियाणातल्या कुरुक्षेत्र जिल्ह्यात असाच एक मुलगा पडला. सैन्याने त्याला जिवंत बाहेर काढले, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले. पुढची कितीतरी मुले इतकी नशीबवान नव्हती. अखेर सर्वोच्च न्यायालयाने दखल घेऊन 11 फेब्रुवारी 2010 रोजी मार्गदर्शक सूचना दिल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या सुधारल्या. बोअर घेण्यापूर्वी जमीनमालकाने किमान 15 दिवस आधी प्रशासनाला लेखी कळवायचे. बोअर घेणाऱ्या एजन्सीची नोंदणी हवी. कामाच्या जागी फलक आणि काटेरी तारेचे कुंपण हवे. केसिंगभोवती सिमेंटचा ओटा हवा, तोंडावर वेल्डिंग केलेली पोलादी पट्टी किंवा नटबोल्टने घट्ट बसवलेले झाकण हवे. सोडून दिलेली बोअर माती, वाळू, दगडांनी तळापासून वरपर्यंत भरायची. यावर देखरेख जिल्हाधिकाऱ्यांची.

आता वाचकांनीच न्याय करावा. या यादीत जबाबदार व्यक्ती किती आहेत? जमीनमालक ही व्यक्ती नव्हे काय? पाइप उपसून निघून गेलेला गाडीवाला? नोंदवही न उघडणारा अधिकारी? आईचे लक्ष दोन मिनिटे ढळले. या तिघांचे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, नव्हतेच. शिवाय आईची चूक अनवधानाची आहे, त्यांची चूक ठरवून केलेल्या काटकसरीची. बोअरला घातलेल्या पैशांपुढे झाकणाचा खर्च तो काय? तरीही वैयक्तिक जबाबदारीचा जप करणारे एकाच व्यक्तीकडे बोट दाखवतात, आणि तीही अशी की जिने आपल्या चुकीची सर्वांत मोठी किंमत आधीच मोजली आहे. बाकीच्यांना सोडून देण्याला जबाबदारीचे तत्त्व म्हणत नाहीत.

आईबापांची चूक दाखवली की दुसऱ्याची चूक पुसली जाते, ही समजूत नवी नाही. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 1839 मध्ये हार्टफील्ड विरुद्ध रोपर या खटल्यात ती उचलून धरली होती. रस्त्यावर आलेल्या सुमारे दोन वर्षांच्या मुलाला घोड्यांच्या बर्फगाडीने चिरडून जखमी केले. न्यायालय म्हणाले, पालकांचा हलगर्जीपणा तो मुलाचाच हलगर्जीपणा, सबब मुलाला दाद नाही. म्हणजे सांभाळायला कोणी नसलेल्या मुलाला कायद्यानेही वाऱ्यावर सोडले. हा नियम इतका अन्यायकारक ठरला की 1935 मध्ये त्याच न्यूयॉर्क राज्याला कायदा करून तो मोडीत काढावा लागला. इंग्लंडने त्याच्याशी मिळताजुळता सिद्धान्त 1888 मध्येच टाकून दिला होता. आपल्याकडे सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही, कारण त्याला परिणामांची समज नसते असे कायदा मानतो. ज्याला समज नाही त्याच्यापुढे उघडा खड्डा ठेवणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे वाढते की घटते?

याचे एक उत्तर स्कॉटलंडमधल्या खटल्यात मिळते. ग्लासगोच्या सार्वजनिक वनस्पतीउद्यानात सात वर्षांच्या एका मुलाने चेरीसारखी दिसणारी विषारी फळे खाल्ली आणि तो दगावला. बापाने महापालिकेवर दावा लावला. पुढे, तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तो दावा चालण्याजोगा ठरवला: मुलांना मोह पाडणारी घातक वस्तू, ती मुले येतात अशा जागी, ना कुंपण ना सूचना. पण तेवढेच सांगून थांबलो तर पूर्वपक्षावर अन्याय होईल. 1955 च्या, इंग्लंडमधल्या रॉचेस्टरच्या खटल्यात पाच वर्षांचा मुलगा थोड्या मोठ्या बहिणीबरोबर हिंडताना चरात पडून जखमी झाला, तेव्हा न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी दावा फेटाळला. इतक्या लहान मुलांना अशा जागी एकटे न सोडण्याची समज पालकांकडून अपेक्षित आहे, असे त्यांचे म्हणणे. माझ्या प्रतिपक्षाला हा निकाल हुकमी एक्का वाटेल. मला तो माझ्याच बाजूचा पुरावा वाटतो. पालकांची जबाबदारी कोर्ट विसरत नाही, ती तोलते. कुठे दोष महापालिकेकडे झुकतो, कुठे बापाकडे. हा तोल पारावर कधी साधला आहे?

दावेबाजीच्या भीतीलाही हेच उत्तर. 2003 मध्ये टॉमलिन्सन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तळ्यात सूर मारून जायबंदी झालेल्या 18 वर्षांच्या तरुणाला भरपाई नाकारली. उघड दिसणारा धोका त्याने समजून पत्करला होता, आणि त्याच्यासाठी सगळ्यांचा किनारा बंद करणे न्यायमूर्तींना मान्य नव्हते. पोकळ दावा कोर्टातच पडतो. त्याच्या धास्तीने खरा दावा दाबायचा कशाला?

आणि पैसे. या आरोपाने मला सर्वाधिक संताप येतो, कारण तो करणाऱ्याने एकही निकाल उघडून पाहिलेला नसतो. 3 मार्च 1989 रोजी जमशेदपूरला टाटा स्टीलच्या संस्थापकदिनाच्या समारंभात आग लागली, 60 जण गेले, त्यांत लहान मुले होती. भरपाई ठरवण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्याकडे सोपवले. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आकडा निघाला 75 हजार रुपये. 2001 मध्ये न्यायालयाने तो 2 लाखांवर नेला. मे 1995 मध्ये पंजाबातल्या एका शाळेची 14 मुले सहलीत बियास नदीत बुडाली. प्रत्येकी 5 लाखांवर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उठायला ऑगस्ट 2001 उजाडला. बारा वर्षे, सहा वर्षे! दिवाणी दाव्यात मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी भरायची, तारखांना मजुरी बुडवायची, उलटतपासणीत ‘तेव्हा तुम्ही काय करत होता?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा झेलायचा, मुलाचे प्रगतिपुस्तक पुराव्यात जोडायचे, म्हणजे ते मोठेपणी किती कमावते असते याचा हिशेब मांडता येईल. कोणता बाप हे पैशांसाठी करतो?

मूल परत येत नाही, हे खरे. पुढचे मूल मात्र वाचू शकते. अमेरिकेत आयकियाच्या खणांच्या कपाटांवर चिमुकली मुले चढली, कपाटे कलंडली, मुले खाली सापडून गेली. तिथेही पहिला प्रतिसाद हाच: कपाट भिंतीला जखडायला सांगितले होते, पालकांनी का नाही जखडले? आईबाप कोर्टात गेले. 2016 च्या जूनमध्ये कंपनीने तिथे 2 कोटी 90 लाख कपाटे परत घेण्याची घोषणा केली, डिसेंबरमध्ये तीन कुटुंबांशी 5 कोटी डॉलरला तडजोड केली. शोकात असलेल्या पालकांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि 2022 च्या अखेरीस अशा कपाटांच्या स्थैर्याचा सक्तीचा कायदा झाला. आता कलंडू नये अशी घडण करणे ही कारखान्याची जबाबदारी आहे. नुसत्या उपदेशाने हे झाले असते?

एका प्रसंगात मी पूर्वपक्षाला जागा देतो. कित्येकदा ती बोअर घरच्याच शेतातली असते, झाकण न बसवणारा खुद्द बाप असतो. तिथे त्याच्या वाट्याला दोष येणारच, यावा. पण पाइप उपसून नेणारा गाडीवाला आणि डोळेझाक करणारे कार्यालय त्यामुळे मोकळे कसे सुटतात?

मार्च 2024 मध्ये वडाळ्याला महापालिकेच्या उद्यानात चार आणि पाच वर्षांचे सख्खे भाऊ पाण्याच्या टाकीत बुडाले. बाग ही मुलांनी खेळण्याचीच जागा. तिथल्या टाकीला नीट झाकण असेल, एवढा भरवसा कोणताही बाप ठेवतो. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. प्रत्येक मुलाच्या वाट्याला अशी दखल येत नाही. बहुतेकांसाठी कोणालातरी दार ठोठवावेच लागते, आणि ते दार आपल्याकडे 1855 पासून आहे. प्राणघातक अपघातांच्या त्या वर्षीच्या कायद्याने, दुसऱ्याच्या कसुरीने मृत्यू आला तर आईबापांच्या लाभासाठी दावा लावता येतो.

अशा दाव्याला 1963 च्या मुदत कायद्याने मृत्यूच्या तारखेपासून फक्त दोन वर्षे दिली आहेत. पहिले वर्ष दुःखातच जाते. दुसऱ्या वर्षी आईबाप जरा सावरून उभे राहतात, कागद गोळा करू लागतात. नेमक्या त्याच वेळी भावकीतले जाणते आणि शहाणे शेजारी त्यांना समजवायला येतात, की झाले ते झाले, आता कोर्टकचेरी कशाला, लोक काय म्हणतील. त्यांच्या या सल्ल्यात बघता बघता मुदत संपून जाते, आणि ती बोअर तशीच उघडी असते.