प्रत्यंचेचे आयुष्य : प्राचीन धनुर्विद्येचे एक उपेक्षित अंग

प्राचीन भारतीय शस्त्रांच्या अभ्यासात धनुष्य व बाण यांना मानाचे स्थान मिळाले. प्रत्यंचा मात्र उपेक्षित राहिली. याचे एक कारण उघड आहे. लोखंडी बाणाग्रे उत्खननात सापडतात, दोरी मातीत कुजून जाते. तिची निगा कशी राखली जाई, हे म्हणूनच ग्रंथांत आणि रानात शोधावे लागते.

महागाव (जि. यवतमाळ) परिसरात बांधावर व पडीक जमिनीवर रुई सर्रास आढळते. तिच्या पानांचा हार मारुतीला वाहतात, एवढीच आज तिची ओळख. कौटिलीय अर्थशास्त्रात हीच रुई 'अर्क' या नावाने प्रत्यंचेच्या सहा द्रव्यांत येते. मूर्वा, शण (ताग), गवेधु, वेणू (बांबू) व स्नायू ही उरलेली पाच होत. मूर्वा कोणती याविषयी मतभेद आहेत. महाराष्ट्रात मोरवेलीस मूर्वा मानण्याचा प्रघात आहे.

ही यादी दुसऱ्या अधिकरणाच्या अठराव्या, म्हणजे आयुधागाराध्यक्षाच्या अध्यायात आहे. त्याच्या लगत आधीच्या अध्यायात कुप्याध्यक्षाने रानातून गोळा करावयाच्या सालींचा वर्ग दिला असून त्यात मूर्वा, अर्क, शण व गवेधु ही चारही नावे पुन्हा येतात. हा क्रम केवळ योगायोगाचा मानता येत नाही. धनुष्य वर्षानुवर्षे टिकते, दोरी झिजते. तेव्हा शस्त्रागाराला रानाचा पुरवठा अखंड लागणार. अभ्यासकांनी हे दोन अध्याय सहसा वेगवेगळे वाचले, ही खेदाची बाब आहे.

साठवणुकीविषयीही कौटिल्य नेमके सांगतो. आयुधांची जागा वारंवार बदलावी, त्यांना ऊन व वारा द्यावा. उष्णता, ओल वा कीड यांनी बिघडणारी वस्तू निराळ्या ठिकाणी ठेवावी. हा नियम सर्व आयुधांना असला तरी त्याची खरी गरज लाकडाला, चामड्याला आणि दोरीला होती. स्नायूची दोरी ओलीने फुगून सैल पडते. युरोपातही हाच अनुभव आहे. १३४६ च्या क्रेसीच्या लढाईत पावसाने जेनोआच्या सैनिकांच्या आडव्या, यांत्रिक धनुष्यांच्या दोऱ्या निकामी झाल्या, तर इंग्रज तिरंदाजांनी आपल्या दोऱ्या टोपीखाली कोरड्या राखल्या, असे ज्यां द व्हनेत या इतिवृत्तकाराने नोंदविले आहे.

ओलीपेक्षा घर्षणाचा प्रश्न अधिक बिकट. बाणाची खाच जेथे बसते ती मधली जागा आणि धनुष्याच्या दोन्ही अटनींवरील फासे येथे दोरी प्रथम विरते. १३६३ मध्ये संकलित झालेल्या शार्ङ्गधरपद्धतीतील धनुर्वेद-प्रकरण याबाबत उपयुक्त ठरते. (पीटर पीटरसन यांनी हा ग्रंथ १८८८ मध्ये मुंबईत संपादित केला.) रेशमाची दोरी तिपेडी, गुळगुळीत, करंगळीएवढ्या जाडीची व सांधा नसलेली असावी, असे तेथे सांगितले आहे. सांधा नको, कारण ताण आणि घासणे दोन्ही गाठीवरच एकवटतात. रेशीम न मिळाल्यास हरणाचा, म्हशीचा वा गाईचा स्नायू चालतो. पक्व बांबूच्या सालीची दोरी करावयाची झाल्यास ती रेशमी धाग्याने बांधून घ्यावी. झिजणारा धागा वर आणि भार वाहणारी साल आत, अशी ही योजना दिसते. वरचे वेष्टन विरले तरी मूळ दोरी शाबूत राहते व वेष्टन बदलता येते. आजचे तिरंदाज दोरीच्या मध्यभागी धागा गुंडाळतात, त्यामागील तत्त्व हेच आहे.

त्याच प्रकरणात रुईची साल भाद्रपदात घ्यावी असे म्हटले आहे. कारण दिलेले नाही. पावसाळ्यात झाड पूर्ण वाढलेले आणि साल ओली असते, तेव्हा ती लांब व अखंड निघत असावी. अखंड साल म्हणजे पुन्हा बिनसांध्याची दोरी. भाद्रपदानंतर आश्विन येतो, दसऱ्याचे शस्त्रपूजन व सीमोल्लंघन येते. मोहिमेच्या आधी नवी दोरी तयार होण्यास हा अवधी पुरेसा आहे. हे अनुमान असले तरी ऋतुमानाशी ते जुळते.

बाण सोडताना हाताचेही घर्षण होई. डाव्या मनगटावर बांधावयाच्या चामडी पट्ट्यास अमरकोशात 'गोधा' हे नाव असून तो ज्याघातापासून बचाव करणारा म्हणून सांगितला आहे. त्याने हात वाचे, तशी उघड्या कातडीच्या घामापासून दोरीही काही अंशी वाचत असावी.

ग्रंथांतील बांबूची दोरी निव्वळ पुस्तकी नाही. रसेल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतांतील जातिजमातींवरील ग्रंथात भिल्लांचे धनुष्य बांबूचे व त्याची दोरीही बांबूच्याच लवचीक सालीच्या पातळ पट्टीची असल्याचे वर्णन आहे. तीत रेशीम नाही, स्नायू नाही. झिजली की रानातून दुसरी काढावयाची. राजाच्या कोठारात जी दोरी जपावी लागे, ती रानात राहणाऱ्याला बदलता येत होती.