इंग्रजीतला विटाळ

'इंग्रजीला जात नसते' हे वाक्य आपल्या चळवळीत इतक्या वेळा बोललं गेलंय की आता ते कुणी तपासत नाही. त्यामागचा अनुभव खरा आहे. मराठीत तोंड उघडलं की आडनाव सांगण्याआधीच आपला उच्चार पकडला जातो, इंग्रजीत ती भीती कमी. बाबासाहेबांनी आपले बहुतेक मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले तेही उगाच नाही. पण एखाद्या भाषेने आपल्याला जागा दिली म्हणून ती भाषा स्वच्छ ठरत नाही. इंग्रजीत विटाळ आहे, आणि तो शोधायला शिव्यांच्या वाटेला जायची गरज नाही. कायद्याचं पुस्तक पुरे.

स्टेन, स्मिअर, टार्निश, टेंट, पोल्यूट, डिफाईल. कापड मळवायचं असो की माणसाचं नाव, इंग्रजीत यातले बरेचसे शब्द दोन्हीकडे चालतात. मराठीतही नावाला डाग लागतो आणि घराण्याला काळिमा फासला जातो, त्यामुळे आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. डेनिग्रेट म्हणजे एखाद्याची नालस्ती करणं; मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'काळं करणं'. उलट निवडणुकीला उभा राहणारा कॅन्डिडेट हा मुळात 'पांढरा': रोममधले उमेदवार खडूने उजळलेला झगा घालून मतं मागायला फिरत. हे शब्द अटलांटिकच्या गुलामांच्या व्यापाराहून जुने आहेत, म्हणजे ते कातडीच्या रंगावरून घडलेले नाहीत. पण गुलामीने कातडीची उतरंड लावली तेव्हा शब्द तयारच होते.

आपल्यासाठी खरी मेख 'स्पर्शा'त आहे. लॅटिनमध्ये 'टँगेरे' म्हणजे शिवणं. त्याच मुळातून कॉन्टॅजन म्हणजे संसर्ग आला आणि कॉन्टॅमिनेट म्हणजे दूषित करणंही आलं. इन्टॅक्ट म्हणजे ज्याला कुणी शिवलेलं नाही, म्हणून अखंड. इंटिग्रिटी, म्हणजे चारित्र्याचा सच्चेपणा, हाही त्याच कुळातला. म्हणजे युरोपच्या डोक्यातही 'न शिवलेलं ते शुद्ध' हे समीकरण पक्कं होतं. 1930च्या आसपास शिकागोत लाच न घेणाऱ्या दारूबंदी अधिकाऱ्यांना कौतुकाने 'अनटचेबल्स' म्हणत. त्याच काळात तोच शब्द इथे आपल्या माणसांच्या माथी मारलेला होता. तिथे त्याचा अर्थ 'ज्याला कुणी विटाळू शकत नाही', इथे अर्थ 'ज्याच्यामुळे सगळे विटाळतात'. शब्दात काडीचा फरक नाही. शिवण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे, एवढाच फरक.

इंग्लंडच्या कायद्यात रक्ताचा विटाळही होता. राजद्रोही ठरलेला माणूस 'अटेंटेड' होई. हा शब्दही शिवण्याच्याच मुळाचा. पुढे 'टेंट' म्हणजे डाग या शब्दाशी त्याची सरमिसळ झाली. अशा माणसाचं रक्त नासलं असं मानत आणि त्याच्या वारसांचा मालमत्तेवरचा हक्क जाई. अमेरिकेने 1787च्या संविधानात यावर बंधनं घातली. इंग्लंडने 1870मध्ये कायदा करून रक्त नासण्याची ही कल्पना मोडीत काढली. 'दि अनटचेबल्स' (1948) या ग्रंथात बाबासाहेब हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने मांडतात: विटाळाची कल्पना जगातल्या अनेक प्राचीन समाजांत होती, पण ती प्रसंगापुरती असे आणि शुद्धीने संपे. हिंदूंनी ती जन्माला चिकटवली आणि कायमची केली.

आता आपल्या दंड संहितेकडे या. मेकॉलेच्या आयोगाने मसुदा केला 1837मध्ये, कायदा झाला 1860मध्ये. कलम 295 प्रमाणे, धर्माचा अपमान करण्याच्या हेतूने किंवा तसा अपमान मानला जाईल हे माहीत असताना, प्रार्थनास्थळ मोडणं, त्याचं नुकसान करणं किंवा ते 'डिफाईल' करणं हा गुन्हा. डिफाईल म्हणजे नेमकं काय? 1924च्या कायदा-अहवालात नागपूरचा आत्माराम विरुद्ध बादशहा हा खटला आहे. न्यायालयाने धरलं की रूढीने मज्जाव असताना अस्पृश्याने देवळाच्या आवारात जाणूनबुजून पाऊल टाकलं, तर ते डिफाईल करणंच. हातात हातोडा नको, चिखल नको. पाय पुरे. या इंग्रजी शब्दाचा एक जुना धागा 'पायाखाली तुडवणं' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाशी जातो, म्हणजे तुडवले गेलेल्यांवरच तुडवल्याचा आरोप! 1955च्या अस्पृश्यता कायद्यानंतर देवळात जाणं गुन्हा राहिलं नाही, अडवणं गुन्हा झालं. शब्द मात्र संहितेत जसाच्या तसा राहिला.

दुसरं कलम 499, अब्रुनुकसानीचं. त्याचं चौथं स्पष्टीकरण आपल्यातल्या प्रत्येक कायदा शिकणाऱ्याने वाचलं पाहिजे. इतरांच्या नजरेत माणसाचं नैतिक किंवा बौद्धिक चारित्र्य उतरलं तर बदनामी, हे ठीक. पण पुढे म्हटलंय: 'त्याच्या जातीच्या किंवा व्यवसायाच्या संदर्भात' चारित्र्य उतरलं तरीही बदनामी. म्हणजे जातीला अब्रू असते हे कायद्याने मान्य केलं. कुणी म्हणेल, हे संरक्षण आपल्यालाही आहेच की. कागदावर आहे. पण 'उतरायला' खाली पायरी लागते. श्रेणीबद्ध विषमतेत शेवटच्या पायरीवर ढकललेल्याची जातीतली अब्रू उतरणार तरी कुठे? ज्याच्या खाली चार पायऱ्या आहेत, त्याच्याच कामाचं हे कलम.

2023मध्ये वसाहतवादी कायदे गाडल्याचा गाजावाजा झाला. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024पासून लागू आहे. अब्रुनुकसानीचं कलम आता 356, आणि जातीच्या संदर्भातलं चारित्र्य त्यात शाबूत आहे. डिफाईल करण्याचं कलम 298, शब्द तोच. मेकॉलेला शिव्या घालणाऱ्यांनी मेकॉलेचं नेमकं हेच सांभाळून ठेवलं, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

याच्या शेजारी अॅट्रॉसिटी कायदा ठेवून बघा. जातीवरून केलेला अपमान गुन्हा ठरायला तो 'लोकांच्या दृष्टीस पडेल' अशा जागी झालेला असावा लागतो. 2020च्या हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घराच्या चार भिंतींतला, बाहेरच्या कुणाच्या देखत न झालेला अपमान त्यात बसत नाही असं म्हटलं. म्हणजे घरकामाला गेलेल्या आपल्या बाईला मालकिणीने बंद दाराआड जातीवरून घालूनपाडून बोललं, तर साक्षीदार कुठून आणायचा हा प्रश्न त्या बाईपुढे उभा राहतो. आणि त्याच मालकिणीच्या जातीच्या अब्रूबद्दल कुणी तिसऱ्या एकाच माणसाला चिठ्ठीतून काही कळवलं, तर अब्रुनुकसानीच्या कलमाला ती चिठ्ठी पुरते.