भाषेचं घरटं : हवाई बेटांवरची एक बालवाडी आणि तिच्यामागचे पालक

आज आपण एका बालवाडीचा इतिहास बघणार आहोत. बालवाडीला कसला आलाय इतिहास, असं कुणाला वाटेल. पण ही बालवाडी नीट चालावी म्हणून आईबापांना नव्वद वर्षांपूर्वीचा कायदा बदलून घ्यावा लागला. तेव्हा सुरुवात त्या कायद्यापासूनच करू.

हवाई बेटांवर १८९३ पर्यंत स्वतःचं राज्य होतं. १८२० साली मिशनरी आले, त्यांनी हवाईयन भाषेला रोमन लिपी दिली, आणि पुढच्या काही दशकांत तिथली प्रजा मोठ्या संख्येने आपल्या भाषेत लिहायला-वाचायला शिकली. त्या भाषेत शाळा होत्या, वर्तमानपत्रं होती. पुढे इंग्रजी शाळांचं प्रस्थ वाढत गेलं. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत करण्यात आलं आणि १८९६ मध्ये नव्या सरकारने कायदा केला : शाळा सरकारी असो की खाजगी, माध्यम इंग्रजीच. १८९८ मध्ये ही बेटं अमेरिकेत सामील झाली.

आता बघा, घरात हवाईयन बोलू नका असं या कायद्यात कुठेही नव्हतं. पण शाळेत आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा भोगलेली मुलं मोठी झाली, आईबाप झाली, आणि आपल्या मुलांशी इंग्रजीतच बोलू लागली. मुलाला मार बसू नये, ही साधी माया त्यामागे होती. भाषा आजी-आजोबांपाशी थांबली ती अशी.

याला एक अपवाद राहिला, निइहाऊ. हे बेट जेमतेम १८० चौरस किलोमीटरचं. १८६४ मध्ये एका कुटुंबाने ते राजाकडून विकत घेतलं, आणि आजही ते खाजगीच आहे. बाहेरच्यांना तिथे सहज जाता येत नाही. त्यामुळे घरोघरी हवाईयन टिकली. निइहाऊची माणसं शेजारच्या काउआई बेटावर ये-जा करत, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या केकाहा गावात त्यांची बरीच कुटुंबं राहत. हे गाव लक्षात ठेवा.

१९७८ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन हवाईयन ही इंग्रजीच्या जोडीने राजभाषा झाली. कागदावर मान मिळाला, पण बोलणारी मुलं कुठे होती? १९८०च्या दशकातला कार्यकर्त्यांचा अंदाज असा, की निइहाऊची मुलं वगळली तर अठरा वर्षांखालचे हवाईयन बोलणारे पन्नासही नव्हते.

१९८३ मध्ये काही हवाईयन शिक्षक एकत्र आले. त्यांत लॅरी किमुरा होते, काउआनोए कामाना आणि विल्यम विल्सन हे दांपत्य होतं, निइहाऊच्या इलेई बेनियामिना होत्या. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी १९८२ मध्ये ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, सुरू केली होती. तोच धागा धरून यांनी आपल्या संस्थेला नाव दिलं ‘पूनाना लिओ’, आवाजाचं घरटं. पहिली बालवाडी १९८४ मध्ये निघाली, ती केकाहाला. पुढच्याच वर्षी हिलो आणि होनोलुलू इथे निघाल्या.

खरी अडचण इथून पुढे आली. बालवाडीच्या शिक्षिकेकडे बालशिक्षणाची ठरावीक पात्रता हवी, असा राज्याचा नियम होता. ज्या आजींच्या तोंडी भाषा होती त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र होतं त्यांना भाषा येत नव्हती. बरं, नियम वाईट होता असंही नाही. लहान मुलं अननुभवी हातांत जाऊ नयेत म्हणूनच तो केलेला. पण या बालवाडीत मूल शिकायला येत होतं तेच मुळी त्या आजींकडून. म्हणजे ‘दर्जेदार बालशिक्षण’ कशाला म्हणायचं, हाच वाद होता. तीन वर्षं पालक आणि शिक्षक विधिमंडळाचे उंबरे झिजवत राहिले. १९८६ मध्ये या बालवाड्यांना त्या अटीतून सूट मिळाली, आणि हवाईयन माध्यमावरची १८९६ची बंदीही उठली.

पैशाचं काय? सुरुवातीच्या वर्षांत सरकारी अनुदान नव्हतं. पालक फी भरत, दर महिन्याला ठरावीक तास शाळेसाठी राबत आणि स्वतः भाषेच्या वर्गाला बसत. ही शेवटची अट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दिवसभर बालवाडीत हवाईयन आणि संध्याकाळी घरी फक्त इंग्रजी, असं झालं तर मूल भाषा दारातच ठेवून येणार.

कायदा बदलला तरी शिक्षणखातं लगेच हललं नाही. घरट्यातली मुलं तर पाच वर्षांची झालेली. तेव्हा हिलोच्या पालकांनी मुलांना इंग्रजी शाळेत घालायचं नाकारलं आणि स्वतःचाच वर्ग चालवला. १९८७ मध्ये हिलोच्या केऔकाहा आणि ओआहू बेटावरच्या वाइआऊ या दोन सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले. मुलं पुढे सरकत गेली, तसतसे वरचे वर्ग उघडत गेले. १९९९ मध्ये पहिली तुकडी बारावी पार करून बाहेर पडली.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवायला नको. शाळेत शिकून आलेल्यांची हवाईयन आपल्यासारखी वाटत नाही, असं निइहाऊच्या वळणाने बोलणारी माणसं म्हणतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पुस्तकांतून आणि दुसऱ्यांदा शिकलेल्या शिक्षकांकडून आलेल्या भाषेचे हेल, शब्द बदलतातच. तरीही जी भाषा आजीपाशी थांबली होती ती आज पुन्हा काही घरांत आईच्या तोंडून मुलाला ऐकू येते. त्यातल्या काही आया स्वतः याच घरट्यांत वाढलेल्या आहेत.

आता तुमचे प्रश्न घेऊ.