अध्यापक आणि जनरेटिव्ह एआय : प्रस्तावना

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि काही आठवड्यांतच विद्यापीठांना भूमिका घेणे भाग पडले. जानेवारी २०२३मध्ये पॅरिसच्या सिआन्स पो या संस्थेने उल्लेख न करता केलेल्या वापरावर बंदी घातली. जुलैमध्ये ब्रिटनच्या रसेल ग्रुपमधील २४ विद्यापीठांनी विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनाही एआय-साक्षर करण्याची तत्त्वे स्वीकारली. हे निर्णय वर्गात राबवणाऱ्या अध्यापकाला काय वाटते, याचा शोध घेणारे हे अभ्यासक्षेत्र आहे.

फ्रेड डेव्हिस यांचे १९८९चे तंत्रज्ञान-स्वीकाराचे प्रारूप येथे अनेकांच्या हाताशी असते. साधन उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपे वाटते का, हे त्याचे दोन मुख्य प्रश्न. एआयच्या बाबतीत ते अपुरे पडतात. सरावाचे प्रश्न काढायला एआय वापरणारा अध्यापक विद्यार्थ्याच्या स्वाध्यायात तोच एआय दिसला की अस्वस्थ होतो. ही विसंगती नव्हे. प्रश्न काढताना त्याचे श्रम वाचतात. स्वाध्यायात जे श्रम वाचतात, त्यांतूनच विद्यार्थी शिकणार असतो.

या अस्वस्थतेला पुराव्याचीही बाजू आहे. वाङ्मयचौर्याविषयीचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम मजकुरातील साधर्म्य मोजतात. नव्याने जुळवलेला मजकूर मात्र कशाशीच जुळत नाही. एआयचे लेखन ओळखण्यासाठी ओपनएआयने जानेवारी २०२३मध्ये आणलेले साधन अचूकतेअभावी जुलैत मागे घेतले गेले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध अशी साधने मोठ्या प्रमाणावर यंत्राचे ठरवतात, असे स्टॅनफर्डच्या संशोधकांना त्याच वर्षी आढळले. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे.

म्हणून नव्या संशोधकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे : ‘एआय हवा की नको’ एवढेच विचारून थांबू नका. व्याख्यानाची तयारी, स्वाध्याय, उत्तरपत्रिका, शोधनिबंधाचे मार्गदर्शन यांविषयी वेगवेगळे विचारा. संलग्न महाविद्यालयातील अध्यापकाला विद्यापीठाची परीक्षापद्धती स्वतःहून बदलता येत नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला प्रत्येकाची तोंडी परीक्षा घेण्याइतका वेळ मिळतोच असे नाही. अशा अध्यापकाचा नकार हा तंत्रज्ञानाला आहे की परिस्थितीला, हे प्रश्नावलीतून कळले पाहिजे. त्यासाठी संख्याशास्त्र जाणणारे हवेत, तसेच मुलाखतीत धीराने ऐकून घेणारेही हवेत. तुम्ही कोणत्याही विद्याशाखेतून आला असाल, या कामात तुमचे मनापासून स्वागत आहे.