धवळ्यांचा माग : जव्हार-मोखाड्याची गाणी

मराठीतील आद्य कवयित्री कोण, असा प्रश्न निघाला म्हणजे महदाइसेचे नाव आपण घेतो, आणि तिच्या धवळ्यांचे नाव घेऊन पुढच्या प्रश्नाकडे वळतो. धवळा हे शेवटी आहे काय, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. पाठ्यपुस्तकांनी त्यास ग्रंथ करून टाकले आहे. वस्तुतः ते लग्नातील गाणे आहे. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंनी आपले लग्न लावण्याचा हट्ट धरिला, तेव्हा महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची ही गाणी रचून म्हटली, असे महानुभाव परंपरा सांगते. ही तेराव्या शतकातील गोष्ट. त्याच शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात धवल नावाचा प्रबंध सांगितला असून तो मंगलप्रसंगी गावयाचा आहे. म्हणजे शास्त्रकारालाही ज्याची दखल घ्यावी लागली, असा हा प्रकार होता.

आता हा धवळा आज जिवंत ऐकावयाचा असेल तर कोठे जावे? पुण्यास नव्हे, रिद्धपुरासही नव्हे. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत जावे. तेथील वारल्यांच्या लग्नात पुरोहित नसतो. लग्न लावते ती धवलेरी, आणि ते ती गाऊन लावते. स्त्रियांना पौरोहित्याचा अधिकार आहे की नाही यावर आमच्या शहरांतून केवढे वाद झाले. या डोंगरात तो वाद करण्याचे कोणास कारणच पडले नाही. रिद्धपूर व जव्हार यांमध्ये सारा महाराष्ट्र आडवा पडला आहे, तेव्हा एकाचे गाणे दुसऱ्याकडून आले असे मी म्हणत नाही. परंतु नाव तेच, प्रसंग तोच, आणि गाणारी स्त्रीच, हा योग सहज सोडून देण्याजोगा नाही.

दुसरा एक शब्द याहूनही बोलका आहे. लग्नघरी सुवासिनी गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक काढतात व त्यात पालघाट देवीची स्थापना होते. हा चौक ‘काढला’ असे वारली म्हणत नाहीत. चौक ‘लिहिला’ असे म्हणतात. आपल्या जुन्या मराठीतही चित्र लिहीतच असत. आपण तो प्रयोग टाकला, आणि ज्यांस आपण निरक्षर म्हणतो त्यांनी तो सांभाळला.

या मुलुखाचा लिखित इतिहास मात्र निराळ्याच सुरात आहे. जयबा मुकणे याने वारली नायकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, ती मिळताच कातड्याच्या वाद्या कापून त्यांनी मोठा प्रदेश वेढून घेतला, ही कथा ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. (कार्थेजच्या डायडो राणीचीही हीच कथा सांगतात, तेव्हा ती शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही.) पुढे परंपरेप्रमाणे 1343 साली दिल्लीच्या सुलतानाने नेमशहास मान्यता दिली आणि 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत मुकण्यांचा वंश गादीवर राहिला. एवढ्या सहा शतकांच्या कथेत वारल्यास आरंभी जागा मिळते ती फसलेला म्हणून. त्याचे स्वतःचे बोलणे ऐकावयाचे तर गाण्याखेरीज दुसरे दप्तर नाही.

ते दप्तर एकट्या धवलेरीपाशीच आहे असे नव्हे. कणसरी या धान्यदेवतेची कथा घांगळीवर गातात. दोन भोपळे आणि एक बांबू, एवढाच त्या वाद्याचा संभार. मोखाड्याच्या बोहाड्यात देवादिकांची सोंगे रात्रभर नाचतात. आणि भातकापणीचे दिवस आले की तारपा वाजू लागतो. वाळलेला दुधी, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सांधे बुजवावयास मेण. वाजविणारा नाकाने श्वास घेत असताना गालांतली हवा आत सोडीत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. नाचणारे एकमेकांस धरून त्याच्याभोवती फिरतात. चाल बदलली की पाऊल बदलते. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांस या वादनाबद्दल 2026 साली पद्मश्री जाहीर झाली. नव्वदी उलटल्यावर का होईना, सरकारास सूर ऐकू आला.

चित्राचे भाग्य आधी उघडले होते. 1970 नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी ही चित्रे शहरासमोर आणली, जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर उतरवली, आणि 2011 साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या कर्तृत्वाविषयी दुमत नाही. परंतु चौक कुडावरून कागदावर आला तेव्हा गाणे कुडापाशीच राहिले. वास्तविक दोन्ही एकाच कर्माची अंगे. चौक लिहिला जात असता धवलेरी गात असते. आज आपल्या दिवाणखान्यातील पडद्यांवर जी आकृती आपण कौतुकाने मिरवितो, ती अर्धीच आहे, हे आपल्या गावीही नसते.

स्पेनमध्ये निराळे घडले. परागंदा अवस्थेत 1939 साली वारलेला कवी आंतोनिओ माचादो याच्या कविता जोआन मानुएल सेर्रात या गायकाने 1969 साली चाली लावून गायिल्या, आणि ज्यांनी कवितेचे पुस्तक कधी उघडले नव्हते त्यांच्याही त्या तोंडी बसल्या. तेथे छापील काव्य गळ्यात गेले. आमच्याकडे गळ्यातले काव्य कागदापर्यंत येण्याचीही वानवा. के. जे. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ 1945 साली निघाला. त्यानंतरही संग्रहाचे काम काही अभ्यासकांनी केले. पण कागदावर शब्द येतो, धवलेरीचा लांबवलेला स्वर येत नाही, आणि तिच्या मागोमाग ओळ उचलणाऱ्या बायका तर मुळीच येत नाहीत.

गाणे शिकावयाचे ते असेच, मागोमाग म्हणून. त्यास सवड लागते. दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्यातील कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास उतरतात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. ज्या पोरींनी धवलेरीच्या मागे बसावयाचे, त्यांचे ते महिने विटा थापण्यात जातात.